“याले काय कमी हाय?”

फळ्यावर कोणतंही सूत्र लिहिलं की आमचे रसायनशास्त्राचे सर डोळे बारीक करून विचारायचे, “याले काय कमी हाय?” आजारी पाहुण्याची चौकशी करावी तसा आवाज. अमरावतीच्या कॉलेजात त्यांचं नावच ‘कमीवाले सर’ पडलं होतं.

लुईस आम्ल ओळखायची त्यांची रीत हीच. “टिंबं काढ, इलेक्ट्रॉन मोज. बोरॉन ट्रायफ्लोराइडमंदी बोरॉनभोवती सहाच. आठाले दोन कमी, म्हणून तो दुसऱ्याची जोडी घेते. घेते ते आम्ल. अमोनियाच्या नायट्रोजनजवळ मोकळी जोडी हाय, तो देते. तो आम्लारी.”

मी भाजीवाल्यांच्या घरातला. भाव केल्याशिवाय मला चैन नाही आणि डोकं लवकर तापतं. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “अमोनिया आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड, यातलं लुईस आम्ल कोणतं?” शाळेपासून डोक्यात एकच बसलेलं, हायड्रोजन असेल ते आम्ल. मी छातीठोक सांगितलं, “अमोनिया. तीन-तीन हायड्रोजन आहेत.”

परीक्षक हसले. मी लगेच सौद्यावर आलो. “सर, प्रयोगातलं माझं टायट्रेशन बरोबर आलंय. तेवढ्यावर सोडा.” ते विरघळले होते. पण शेजारी बसलेले आमचे सर म्हणाले, “नाई. याले येत नाई.”

मी नापास झालो. अकोल्यात बियाण्याच्या कंपनीत ठरलेली नोकरी गेली. पुढचं वर्षभर सरांनी मला रोज सकाळी घरी बोलावलं. मी धुमसत जायचो. “राग येऊन राहिला? येऊ दे. पण टिंबं नीट काढ बे.” वर्षाअखेर मी पास झालो. नोकरी मात्र मिळाली नाही. मग अकोल्यात प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान टाकलं, शून्यातून वाढवलं. त्या वर्षाबद्दल मी सरांना कधी माफ केलं नाही.

गेल्या महिन्यात कळलं, सर मुलीकडे पुण्याला कायमचे चाललेत. मी अमरावती गाठली. घरात खोकी बांधलेली होती. बसायच्या आधीच बोललो, “सर, परीक्षक सोडत होते. तुम्ही अडवलं. माझी नोकरी गेली.”

सरांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. “हो. तुई नोकरी ठरली हाय, हे मले ठाऊक होतं. तरी अडवलं. चुकलोच मी.”

मी तासाभराच्या भांडणाची तयारी करून आलो होतो. ते हात जोडायला लागले, तसे मी घाईघाईनं त्यांचे हात धरले.

“असं नका करू, सर. मला खरंच येत नव्हतं.”