नववा खटका

नेरकर काका पाच वर्षं माझ्याशी बोलले ते लोखंडी जाळीच्या दारातून. सातपूरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. त्यांच्या जाळीला आतून कुलूप आणि किल्ली काकांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला. चहा केला की ते गजांमधून कप बाहेर द्यायचे. बशी काही निघायची नाही. मग गप्पा संपेपर्यंत ती रिकामी बशी हातात धरून ते आत उभे.

कुलूप मालतीकाकूंसाठी होतं. त्यांना विस्मरणाचा आजार. दार उघडं दिसलं की निघायच्या. एकदा भरदुपारी अंबडच्या बसथांब्यावर अनवाणी सापडल्या. त्या दिवसापासून काकांनीही बाहेर पडणं सोडलं. भाजी, औषधं मी आणून द्यायची. "पहारेकऱ्याचं असंच असतं, सुनीता," ते म्हणायचे. "कैदी आत, आणि पहारेकरीही आतच."

त्या दोन खोल्यांत काकांची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती. काकांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरनं परत जाताना त्यांना दिलेला, रेकॉर्डचा आवाज जुळवणारा जुना प्री-अ‍ॅम्प. चंदेरी धातूचा, दोन हातांनी उचलावा लागे इतका जड. काका आयुष्यभर विजेच्या दुरुस्तीचं काम करत होते, तरी त्या बटणांना हात लावण्याआधी ते सदऱ्याला बोटं पुसायचे.

"याच्यानं आवाज मोठा होतो, असं लोकांना वाटतं," ते सांगायचे. "ताकद त्या खालच्या अॅम्प्लिफायरच्या डब्यात. हा फक्त ठरवतो, काय ऐकायचं, किती आणि कसं." कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटात त्यांचा उजवा कान गेला होता. तरी डाव्या-उजव्या स्पीकरचा तोल साधणारं बटण त्यांनी कधी मधून हलवलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "माझा एक कान गेला म्हणून गाण्याला वाकडं का करू?"

त्यांना हर्निया होता. घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली होती. "चार दिवस हिला कोण बघेल?" हे त्यांचं उत्तर. शेवटी मीच म्हटलं, मी बघते, शिकवण्या तुमच्या घरी घेते. तेव्हा त्यांनी मला तो प्री-अ‍ॅम्प शिकवायला घेतलं, कारण संध्याकाळी काकू सैरभैर झाल्या की सतारीची एकच रेकॉर्ड त्यांना शांत करायची, आणि तीही ठरावीक रीतीनंच.

मी आत गेले की काका मागून कुलूप लावायचे. त्या खटक्यासरशी मी वळून दाराकडे बघायचे. ते मात्र मन लावून शिकवत. आधी निवडीचं बटण रेकॉर्डवर. मग वरचे सूर दोन घरं खाली, तार टोचली की काकू कान झाकतात. "हे लाउडनेसचं. आवाज लहान केला की आपले कान खालचे सूर विसरतात. हे दाबलं की ते परत ऐकू येतात." आणि आवाजाचं मोठं बटण मोकळं फिरत नसे, एकेका खटक्यानं पुढे जाई. "नववा खटका. आठव्यावर ती ऐकत नाही, दहाव्यावर उठून बसते. हे म्युटिंग. दाबलं की आवाज बंद होत नाही, एकदम दबतो."

सगळं शिकून झालं, तरी त्यांनी तारीख पुढे ढकलली. मी चिडले. तेव्हा काकूंकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, "कधी कधी वाटतं, कुलूप विसरावं. ती निघून जाईल, आणि मी शोधायला जाणार नाही."

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, समोरून सतार कडाडली. माझ्या खिडकीच्या काचा थरथरल्या. मी धावत जाळीशी गेले. काका प्री-अ‍ॅम्पच्या कपाटाशी जमिनीवर आडवे, पोट धरलेले, चेहरा घामानं चिंब. फोन काकूंनी कुठंतरी लपवला होता आणि हाक मारायला अंगात जोर नव्हता. सरपटत जाऊन त्यांनी चालू रेकॉर्डचा आवाज शेवटपर्यंत फिरवला होता. मला बघताच त्यांनी गळ्यातली किल्ली ओढून दाराकडे फेकली. ती मध्येच पडली आणि काकूंनी उचलली.

किल्ली मुठीत, दोन्ही हात कानांवर. मी ओरडले, "काकू, किल्ली द्या!" त्या घाबरून मागे सरकल्या.

"काका, आवाज!"

काकांनी हात वर करून म्युटिंग दाबलं. सतार एकदम लांब गेल्यासारखी झाली. काकूंचे हात खाली आले. काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काकू, चहाला आले होते. आत येऊ का?"

"अगं, ये ना," त्या म्हणाल्या. "दारात काय उभी?" आणि जन्मभर उघडत आल्यासारखं त्यांनी कुलूप काढलं.

हर्नियात आतडं अडकलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि काका वाचले. नागपूरहून त्यांची मुलगी वैशाली आली, हट्टानं दोघांना घेऊन गेली. निघताना काका जिन्यात थांबले. पाच वर्षांत त्या पायऱ्या ते पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी उतरत होते. "कुलपाचं ते वाक्य बोललो होतो ना," ते म्हणाले, "ते खरं होतं गं. पण प्रत्येक दिवशी नाही."

नागपुरात दहा महिन्यांनी हृदयविकारानं ते गेले. वैशालीनं काकूंना दोनदा खरं सांगितलं; दोन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं आणि तितकाच आकांत केला. तिसऱ्यांदा सांगायची तिची हिंमत झाली नाही.

दर रविवारी ती मला फोन लावून देते. काकू विचारतात, "हे अजून आले नाहीत. तिकडे दिसले का तुला?"

"सेकंड शिफ्टला गेलेत, काकू."

"डबा नेला का?"

"नेला."

"मग ठीक," त्या म्हणतात.