पातेल्यातला दगड
माझ्या पदवीमागे माझी आत्या आहे; खडकावरची कालवं फोडून, विकून तिनेच मला शिकवलं. परवा शेजारी कालवं उकडत होती, त्या खारट वासाने ती सकाळ आठवली. नोकरी लागल्यावर मी रत्नागिरीतल्या भाड्याच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती आणि पुण्याहून झोअँथिड नावाचे, फुलांसारखे दिसणारे जिवंत प्रवाळ मागवले होते. बटणाएवढी हिरवी, केशरी फुलं दगडभर पसरली होती. राहायला आलेली आत्या टाकीपुढून उठायचीच नाही. "जन्म दर्यावर गेला, पण असलं काय बघितलं नव्हतं रे बाबा," म्हणायची. एका दगडावर शेवाळ चढलं, फुलं मिटली, म्हणून मी तो बादलीत काढून ठेवला. आंघोळ करून आलो तर आत्या तोच दगड पातेल्यात उकळत होती. "अरे, शिंपलं असंच साफ होतं. बघ, शेवाळ कसं सुटतंय!" खोलीभर वाफ कोंडली होती. दुपारी तिला धाप लागली, ओठ निळे पडले. या प्रवाळांचं विष वाफेबरोबर छातीत जातं, हे मला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. ती वाचली. गावी परतताना तिने एवढंच विचारलं, "तुझी फुलं मी मारली ना रे?" त्यानंतर ती आलेली नाही. फोनवर तिला अजून दम लागतो, बोलवत नाही, म्हणून काल पत्र टाकलं: "आत्या, फुलं पुन्हा मिळतात. टाकी मी तेव्हाच काढून टाकली. खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या असतात. तू ये."