कॅलिसच्या पैशांचं कार्ड

माझा धाकटा भाऊ फेबियन सेमिनरी सोडून घरी आला, तेव्हा आमच्या सांडोर गावातल्या निम्म्या लोकांनी त्याला आधीच 'फादर' म्हणायला सुरुवात केलेली होती. वर्षभरात गुरुदीक्षा होऊन तो खरंच फादर व्हायचा होता. मांडव कुठे घालायचा, बँड कुणाचा, स्वयंपाक कोण करणार, सगळं ठरलेलं. आणि हा पठ्ठ्या एका दुपारी बॅग घेऊन रिक्षातून उतरला, पाय धुतले आणि म्हणाला, "मी परत जाणार नाही." का, ते सांगितलं नाही.

आमची आई कार्मिन तेव्हा केळीच्या बागेतून येत होती. तिने ऐकलं, कोयता भिंतीला टेकवला आणि आत गेली. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. समोर बसलेल्या माणसाबद्दल मला सांगायची, "आग्नेस, त्याला म्हणावं जेवून घे." आणि तोही तसलाच. "आग्नेस, तिला सांग, भूक नाही." अरे, मी काय तुमची पोस्टमन आहे? पण ओरडून काही होत नव्हतं. घरात कुणी मेलं असतं तर निदान माणसं भेटायला आली असती. इथे कुणी येईना, आणि कुणी यावं असं आम्हालाही वाटेना.

फेबियन फाटकाबाहेर पडत नसे. कुणीतरी "काय फादर, सुट्टी का?" असं विचारेल ही धास्ती. मी वसई रोडला एका डॉक्टरांकडे बिलं करायचे आणि हिशेबाचं टॅली शिकायला हप्त्यांवर कॉम्प्युटर घेतला होता. तो त्याने ताब्यात घेतला. त्यात गाड्यांचा एक गेम होता. सकाळपासून तोच. जिंकायचं नाही, हरायचं नाही, गाडी नुसती चालवायची. तीही धड चालत नव्हती. जरा पुढे गेली की अडकायची, झाड अर्धंच दिसायचं, रस्ता मध्येच गायब. अडकलेल्या चित्राकडेही हा तसाच बघत बसायचा, मख्ख. वाटायचं, धरून गदागदा हलवावं याला. मग वाटायचं, काय उपयोग. खरं सांगते, त्या दिवसांत मलाही काही वाटेनासं झालं होतं. कामावर जायचं, यायचं, हिचं त्याला आणि त्याचं हिला सांगायचं.

मग एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "आग्नेस, मला कार्ड पाहिजे."

आईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. आमच्याकडे कार्ड म्हणजे दोनच, दीक्षेचं नाहीतर लग्नाचं. आईला वाटलं, हा परत जातोय आणि कार्डं छापायची म्हणतोय.

"विचार त्याला, कसलं कार्ड," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला होता!

"ग्राफिक कार्ड," फेबियन म्हणाला. "कॉम्प्युटरच्या आत बसवतात. मग गेम अडकत नाही."

बोंबला! मी आईकडे बघितलंच नाही. ती डावाने पुन्हा ढवळायला लागली.

"फार महाग असतं का, विचार," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"नवं महाग असतं. एव्हरशाईन सिटीत एक जण त्याचं जुनं विकतोय, नेटवर दिसलं."

जुनं असलं म्हणून काय झालं? हप्ते भरून माझ्याकडे उरत होतं काय, कप्पाळ! मी सरळ सांगितलं, जमणार नाही.

त्या आठवड्यात आई पतपेढीत गेली. तिथे तिने कॅलिससाठी पैसे साठवले होते. नव्या फादरला घरचे कॅलिस देतात, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, द्राक्षारस ओततात तो सोनेरी प्याला. केळी विकून, दुधी विकून साठवलेले पैसे. गळक्या कौलांनासुद्धा तिने त्यातलं काही लावलं नव्हतं. त्यातलेच काढून तिने माझ्या हातात ठेवले.

"त्याला दे. घेऊ दे काय ते."

"आई, अगं, हे कॅलिसचे ना?"

"आता कुठे लागणार आहेत," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

मला भडभडून आलं. रागही आला, पण कुणाचा, ते कळेना.

पैसे कुठले, ते मी फेबियनला सांगून टाकलं. का लपवू? तो कितीतरी वेळ नोटा हातात धरून बसला. "नको," म्हणाला.

"घे आता मुकाट्याने," मी म्हणाले. "परत ठेवलेस तर ती पुन्हा तुझ्या दीक्षेची वाट बघायला लागेल."

आल्यापासून पहिल्यांदा तो शर्ट घालून बाहेर पडला. एव्हरशाईनमधल्या परेशने स्वतःला नवं कार्ड घेतलं होतं, म्हणून जुनं कमी पैशांत दिलं. परत घेणार नाही, हे आधीच सांगितलं.

संध्याकाळी फेबियनने कॉम्प्युटरचा डबा आडवा घातला. मागे दुकानदाराने कागदी सील चिकटवलं होतं. ते फाटलं की गॅरंटी गेली, म्हणून आजवर डबा कुणी उघडलाच नव्हता. म्हणजे आत काय आहे ते न बघताच हा शहाणा कार्ड घेऊन आला होता! सील फाडलं, झाकण निघालं. तो वाकून बघत राहिला. कार्ड इकडे लावून बघितलं, तिकडे लावून बघितलं. मग मांडीवर घेऊन बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"याला लागते ती खाचच नाही. स्वस्तातला बोर्ड आहे, त्यात ठेवलेलीच नाही."

आई दारात येऊन उभी राहिली होती. आता हे तिला मीच सांगायचं, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "आई, तुझे पैसे वाया गेले. बसतच नाही गं. मी खूप प्रयत्न केला."

मान खाली होती, पण बोलत होता तिच्याशी.

आई आत आली. हात पदराला पुसून तिने ते कार्ड उचललं, उलटसुलट करून बघितलं. आता ही फुटणार, मला वाटलं.

"नाही बसत तर नाही बसत," ती म्हणाली. "ठोकून बसवायचं का? मोडलं असतं ना."

फेबियनने वर बघितलं. आईने कार्ड टेबलावर ठेवलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" तिने त्याला विचारलं.

त्याने झाकण उचलून डब्यावर ठेवलं. मग म्हणाला, "दीक्षेच्या तयारीत तू किती खूश होतीस, आई."

ती त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसली.