सरळ कोपर

मला लिहायची सवय नाही, तरी लिहितोय, माफ करा.

सातपूरच्या आमच्या व्यायामशाळेत एक काका कारखान्यातली पाळी संपवून येत. धावत्या बोटीला बांधलेली दोरी धरून, पाण्यावर घसरणाऱ्या एका पट्टीवर उभं राहून सहा तरंगत्या बोयांना वळसे घालायचे, हा त्यांचा खेळ. वयामुळे यंदाची निवड चाचणी शेवटची होती. खांबाला बांधलेली दोरी धरून ते वीस सेकंद मागे झुकत, मग धाप लागेपर्यंत उड्या, पुन्हा झुकणं.

“काका, खाली पाणी सोडू का?” पोरं चिडवत.

“सोडा. पण कोपर वाकलं तर सांगा. हातानं ओढलं की माणूस पडतो.”

एकदा वाकलं. मी संकोचून गप्प राहिलो.

“बघितलंस ना? मग बोल की!”

तेव्हापासून मी बोलत गेलो.

चाचणीनंतर आठवड्यानं त्यांचा फोन आला. “पाचव्या बोयाला पडलो रे. पण कोपर सरळ होतं, तुझी शपथ.”