बरडावरची माती

नागपूरच्या सदर भागात परवा एका इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा दिसला आणि मी स्कूटी बाजूला लावली. वर काळीभोर माती, खाली पिवळसर मुरूम, तळाशी काळा दगड. दगडाची माती होत आलेली सगळी वाट त्या भिंतीवर उघडी पडली होती. ओला वास नाकात शिरला आणि कॉलेजातल्या आमच्या मॅडम आठवल्या.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि विषय घेतला भूशास्त्राचा. बाबा गावभर सांगत, "पोरगी गोटे मोजाले नागपूरले जाते." अभिमान त्यांनाही होताच, पण काटोलकडच्या शेतात संत्रा लावायची वेळ आली तेव्हा माझं कोण ऐकणार? त्यांना बाग नाल्याकाठच्या खोल काळीत हवी होती. मी म्हणत होते, टेकडीच्या उतारावर, हलक्या मुरमाड बरडात लावा. "बरडात तं बकऱ्या चारतेत वं!" ते हसले. मला हसू येईना. संत्र्याची जागा चुकली हे कळायलाच कित्येक वर्षं जातात.

मॅडमना सांगितलं, तर त्या रविवारी एसटीने थेट गावी आल्या. पदर खोचून दोन्हीकडे खड्डे खणवले, त्यांत घागरभर पाणी ओतायला लावलं आणि बांधावर चहा घेत सांगू लागल्या. दगड दोन्हीकडे एकच. आपल्याकडे पाऊस बेताचा, ऊन कडक. दगडातला चुना वाहून जात नाही, म्हणून माती काळी, चिकट. हाच दगड सह्याद्रीच्या माथ्यावर असता तर पावसाने तो चुना धुऊन नेला असता, लोह उरलं असतं, माती लाल झाली असती. उतारावरची बारीक माती खाली येऊन साचते. वर थर पातळ, पण त्याखाली भुसभुशीत मुरूम. "संत्र्याच्या मुळांना पाणी हवं असतं, पाण्यात उभं राहायला नको असतं."

तोवर बाबांनी काळ्या मातीची अख्खी बांगडी वळली होती, कुठे तडा नाही. "एवढी लोण्यासारखी माती, मॅडम, अन् बाग बकऱ्याच्या जागेवर?" म्हणत ते खड्डे पाहायला उठले. वरचा खड्डा रिकामा. खालच्यात पाणी तसंच. वाकले तर त्यांचाच चेहरा दिसला. मग ती ओली बांगडी माझ्या हातात दिली.

"घाल वं. जितली तू."

बांगडी उन्हाळ्यात तडकली. बाग बरडातच लागली. आज तिच्या सावलीत बाबा दुपारचे आडवे होतात. वीतभर माती व्हायला डोंगराला किती उन्हाळे-पावसाळे झिजावं लागतं! बाबांना मन बदलायला एक चहा पुरला.