घरमालकांची शिकवणी

आमच्या घरमालकांइतका निर्भय माणूस घणसोली गावात दुसरा नाही, असं मी खुद्द त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. आवाज असा, की खालच्या ओटीवर ते शिंकले तरी वर माझ्या खोलीतला चहा डचमळावा. पण हल्ली त्यांची छाती एकाएकी धडधडायची, हातांना मुंग्या यायच्या. सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हे घाबरण्याचे सौम्य झटके आहेत. मोबाईलवर एक शिकवणी आहे, ती करा. "मी? आन् घाबरनार?" म्हणून ते दोन दिवस डॉक्टरांवर रुसले. तिसऱ्या दिवशी बनियनवर गच्चीत बसून शिकवणी सुरू! फोनमधली बाई म्हणायची, "श्वास सावकाश सोडा." हे ओरडायचे, "थांब ना बाई, अजून आत हाय!" मालकीणबाई वाळवण उलटवत मला म्हणायच्या, "माजं इतक्या वर्सात नाय ऐकलं, आन् तिचं बघा कसं ऐकतात!"

पुढच्या धड्यात बाईनं सांगितलं, जे टाळता तिथे थोडं थोडं जा. त्यावर घरमालकांनी फोनच बंद केला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, रविवारी चल माज्यासंगं. हिला बोलू नको." पहिला झटका त्यांना आला होता तो मुलीच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये. तेव्हापासून ते तिच्या घरी गेलेच नव्हते. कोलंबी घेऊन जायचे, गेटवरच देऊन परतायचे. आपण गाव सोडून टॉवरमध्ये राहायला गेलो म्हणून बाबा रागावलेत, असं मुलीनं मनाशी धरलं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही दार उघडं ठेवून लिफ्टमध्ये नुसते उभे राहिलो. वॉचमन दोनदा विचारून गेला. पुढच्या खेपेला एक मजला. मग एकदा ते स्वतःच तिच्या मजल्याचं बटण दाबून मोकळे झाले आणि माझं मनगट धरलं. कपाळावर घाम.

"आला बग."

"उतरायचं का?"

"नको. येऊ दे त्याला. बाई बोलली, येतो तसा जातो."

मुलीनं दार उघडलं आणि तिथेच थबकली. "बाबा! राग गेला तुमचा?"

"राग कसला गो?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "मी लिफ्टला घाबरत होतू."

ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला.

झटके अजून येतात अधूनमधून, असं ते सांगतात. पण त्या दिवशी निघताना मुलगी त्यांचा हात धरून लिफ्टमध्ये शिरली. आत जागा पुष्कळ होती. मी मात्र बापलेकीला सोडून जिन्यानं उतरलो.