नसलेली टिंबं

आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या बाईंना सगळे टिंबताई म्हणतात. एक अनुस्वार जास्त पडला किंवा एखादा गळला, की बाई पेटल्याच म्हणून समजा. अक्षरजुळणी माझ्याकडे, म्हणजे बावीस वर्षं त्यांची बोलणी खाणारा मीच.

एका सकाळी त्यांनी तपासलेलं पान माझ्यापुढे आपटलं. 'नाव', 'पाच', 'केव्हा'... सात ठिकाणी टिंबं खोडलेली. बाजूला शेरा : "नांव? पांच? पणजोबांचं शुद्धलेखन बंद कर!" मी पान उजेडात धरून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. एकाही शब्दावर टिंब नव्हतं!

"ताई, कुठंय टिंब? दाखवा बरं!"

"आंधळा आहेस का? हे काय, 'नाव'वर..." त्यांनी बोट ठेवलं आणि थबकल्या. "अरे, सरकलं की हे. मी बघेन तिकडे जातंय."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. ताईंना अकरा वर्षं मधुमेह. गोळ्या घ्यायच्या, पण डोळे तपासा म्हटलं की, "थेंब घातले की दिवस वाया जातो. दिसतंय ना मला सगळं?" हे ठरलेलं.

त्याच दुपारी मी त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी ताईंचा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली.

"अहो, आधी पाटी लावा तरी," ताई खेकसल्या.

पाटी लावलेलीच होती.

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब केल्या होत्या. त्यांतून झिरपलेलं रक्त, तीच ही टिंबं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्याची वाचायची नजर गेली ती गेलीच; उजवा त्याचंही काम ओढत होता, म्हणून ताईंना पत्ता नव्हता. उजवा वाचवता येईल, पण दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, आणि साखर ताब्यात हवी.

मला ऐकूनच घाम फुटला.  ताई म्हणाल्या, "तारीख द्या. आणि नुसतं दिसून भागायचं नाही हं, मला वाचायचंय."

सहा महिन्यांत त्यांनी एक तारीख चुकवली नाही. पानाला दुप्पट वेळ लागायला लागला. मालक कुरकुरले, तर त्यांना तोंडावर सांगितलं, "लागणारच!"

परवा त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानात मला 'दीन माणूस'चा 'दिन माणूस' झालेला दिसला.  मी गुपचूप दुरुस्त करून टाकला. पण ताईंनी आपण तपासलेलं पान आणि माझं नवं पान ताडून पाहिलं आणि तडक माझ्या टेबलाशी आल्या.

"हे तू केलंस?"

"जाऊ द्या ना ताई, एवढंसं तर होतं."

"एवढंसं?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "अरे मेल्या, उजव्यानं डाव्याचं झाकलं, म्हणून डावा गेला माझा! आता तू माझं झाकणार? मग हा किती उरलाय, ते मला कोण सांगणार?"

 मी जुनं पान काढलं, चुकलेल्या शब्दाभोवती गोल केला आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते डोळ्याशी नेऊन नीट पाहिलं.

"हं, सुटलाय खरा," म्हणाल्या. "पुढचं पान दे."